बाकावरचे बंडखोर

'डेड पोएट्स सोसायटी' नावाचा एक अमेरिकन पिक्चर आहे. १९८९ चा. दिग्दर्शक पीटर वीअर, मास्तरच्या कामाला रॉबिन विल्यम्स. पस्तीस वर्षं उलटून गेली तरी त्याचं भूत काही उतरत नाही. शिक्षक दिन आला की त्याचे तुकडे मोबाइलवर फिरतात. बी.एड.च्या पोरांना तो दाखवतात. आता आपल्या वसतिगृहातल्या अभ्यासवर्गातही तो लावायची टूम निघाली आहे. "लई भारी आहे राव, विद्रोह आहे त्यात," असं आपलाच एक कार्यकर्ता मला सांगत होता. दोस्तांनो, विद्रोह हा शब्द आपण एवढा स्वस्त कधीपासून केला?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. साल १९५९. व्हरमाँट राज्यातली वेल्टन नावाची निवासी शाळा. शाळा कल्पित, पण अशा शाळा तिथं खऱ्या होत्या आणि आहेत. नुसत्या मुलांची, नुसत्या गोऱ्यांची, बहुतेक पैसेवाल्यांची. परंपरा, मान, शिस्त, उत्कृष्टता असे चार खांब पोरांकडून घोकून घेतात. इथून निघालेला पोरगा हार्वर्ड-येलला जाणार आणि डॉक्टर, वकील, बँकवाला होणार हे ठरलेलं. तिथं जॉन कीटिंग हा इंग्रजीचा नवा मास्तर येतो. हाही त्याच शाळेचा जुना विद्यार्थी. तो पोरांना सांगतो, आयुष्य थोडं आहे, आजचा दिवस धरा. पुस्तकाची प्रस्तावना फाडायला लावतो. टेबलावर चढून जग बघायला लावतो. पोरं रात्री चोरून गुहेत जमतात, कविता वाचतात. नील पेरी या पोराला नाटकात काम करायचंय, बापाला तो डॉक्टर व्हायला हवा. पोरगा जीव देतो. शाळा सगळा ठपका मास्तरवर ठेवते, पोरांकडून कागदावर सह्या घेते, मास्तरला काढते. शेवटी कीटिंग आपलं सामान न्यायला वर्गात येतो, तेव्हा टॉड हा लाजराबुजरा पोरगा बाकावर उभा राहतो. मागोमाग आणखी काही जण. संगीत. पडदा. थेटरात रुमाल बाहेर.

रडू येतं हे खरं. विल्यम्स हा थोर नट होता, त्याच्याशी आपलं भांडण नाही. पण आपल्याकडं बाकावर उभं राहणं ही शिक्षा होती. फी भरली नाही, उभा राहा. वही नाही, उभा राहा. त्याच्याही आधी, आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी, बाकच नव्हता. वर्गाच्या बाहेर नाहीतर दाराशी, घरून आणलेल्या गोणपाटावर. बाबासाहेबांनी स्वतः साताऱ्याच्या शाळेतल्या त्या गोणपाटाबद्दल लिहून ठेवलं आहे. तेव्हा कुणी बाकावर चढला की तो लगेच क्रांतिकारक, हे मला आपोआप पटत नाही. बाक कुणाचा आहे, हे मी आधी विचारतो.

म्हणून आधी ते साल नीट बघा. १९५९.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९५४ मध्ये ब्राऊन खटल्यात निकाल दिला की काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य आहेत. त्या निकालात एकत्र केलेल्या खटल्यांत एक व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचा होता. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं समजा. तिथल्या गोऱ्यांनी काय केलं? काळी पोरं आपल्या पोरांशेजारी बसवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकलं. शाळाच बंद! विहीर बाटू नये म्हणून बुजवून टाकायची, तसली ही जात. गोऱ्या पोरांसाठी त्यांनी लगोलग खाजगी अकॅडमी काढली. काळी पोरं घरी बसली. एक-दोन महिने नव्हे, १९६४ पर्यंत. पाच वर्षं. सतराशेच्या आसपास पोरं. काहींना नातेवाइकांकडं परगावी धाडलं, काहींना चर्चच्या तळघरात कुणी चार अक्षरं शिकवली, आणि कित्येकांची शाळा जी सुटली ती सुटलीच.

आता पिक्चरमधला तो पहिला दिवस आठवा. सप्टेंबर उजाडलाय, कोट-टाय घातलेली पोरं हातात मेणबत्त्या घेऊन बसलीत, आया डोळे पुसताहेत. त्याच सप्टेंबरात प्रिन्स एडवर्डची पोरं कुलपाकडं बघत होती. कीटिंग मास्तर सांगतो, दिवस धरा. कुणाचा दिवस? ज्यांची पाच वर्षं दुसऱ्यानं धरून ठेवली त्यांनी कोणता दिवस धरायचा?

कुणी म्हणेल, "अहो, पिक्चर व्हरमाँटवर आहे, तुम्ही व्हर्जिनिया कशाला आणता? त्या काळी अशा शाळेत सगळे गोरेच असत, त्यांनी तेच दाखवलं." अगदी बरोबर, आणि माझं म्हणणंही तेच आहे. खाजगी निवासी शाळा ही चीजच कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं यासाठी आहे. प्रिन्स एडवर्डच्या गोऱ्यांना वेळ आली तेव्हा नेमकी तीच युक्ती सुचली. पिक्चर शाळेच्या चार खांबांवर हल्ला करतो, भिंतीला नख लावत नाही. आणि गंमत बघा, हा पिक्चर ज्या शाळेत उतरवला ती सेंट अँड्र्यूज डेलावेअर राज्यात आहे. ब्राऊनच्या निकालात डेलावेअरच्या काळ्या पालकांचाही खटला होता. जमीनसुद्धा साक्ष देत होती, कॅमेऱ्याला ती ऐकू आली नाही.

बंड बघायचंय ना? मग बार्बरा जॉन्सकडं या. त्याच प्रिन्स एडवर्डमधली, फार्मव्हिल गावच्या मोटन हायस्कुलातली सोळा वर्षांची काळी पोरगी. शाळा बांधली होती १८० पोरांसाठी, कोंबली होती साडेचारशेच्या वर. जादा पोरांसाठी डांबरी कागदाच्या खोपट्या उभ्या केलेल्या. पाऊस आला की छत गळायचं. २३ एप्रिल १९५१ ला या पोरीनं आणि तिच्या साथीदारांनी काय केलं, तर एका खोट्या फोननं मुख्याध्यापकाला शाळेबाहेर काढलं: तुमची पोरं बसस्टँडवर अडचणीत आहेत, लवकर या. तो गेला. पोरांनी सगळी शाळा सभागृहात गोळा केली, मास्तरांना बाहेर जायला सांगितलं, आणि संप पुकारला. सगळी शाळा चालत बाहेर पडली. दोन आठवडे संप टिकला. त्यातून कोर्टात खटला गेला, आणि तोच पुढं ब्राऊनच्या निकालात जाऊन मिळाला. शाळेच्या आवारात क्रूस जाळले गेले, पोरीच्या जिवाला धोका म्हणून तिला काकाकडं अलाबामात धाडावं लागलं.

पिक्चरमध्येही एक फोन आहे. चार्ली डाल्टन हा बड्या घरचा खट्याळ पोरगा भर सभेत फोन वाजवतो आणि म्हणतो, देवाचा फोन आहे, वेल्टनमध्ये मुलींना घ्या म्हणतोय. पोरं हसतात, त्याला फटके बसतात. इथं कीटिंग मास्तर काय करतो? येऊन समज देतो, की धाडस करायची वेळ असते आणि सांभाळून राहायचीही, शाळेतून काढून घेणं म्हणजे शौर्य नव्हे. बघा, मास्तरचा विद्रोह प्रिन्सिपॉलच्या केबिनच्या उंबऱ्यापर्यंत. दोन फोन. एकानं शाळा हसली, दुसऱ्यानं सुप्रीम कोर्ट हललं. पहिल्याच्या पिक्चरला ऑस्कर आहे, उत्कृष्ट पटकथेचं. दुसऱ्याचं नाव आपल्या किती पोरांना ठाऊक आहे?

आता कवितेकडं वळू. कारण आपल्यातल्या कवींना हा पिक्चर जास्त चावतो. मास्तर पोरांना सांगतो, मला 'कॅप्टन' म्हणा. हे वॉल्ट व्हिटमनच्या कवितेतलं. कविता कुणावर? अब्राहम लिंकनवर, तो १८६५ मध्ये मारला गेला त्या शोकात लिहिलेली. मास्तर तेवढं नाव सांगतो आणि पुढं सरकतो. लिंकन कशासाठी मारला गेला, युद्ध कशावरून झालं, गुलामी कुणाची होती, यावर त्या वर्गात अक्षर नाही. गुलामी मोडणाऱ्या युद्धाच्या अध्यक्षावरची विराणी, नि ती गोऱ्या मास्तरच्या निरोपाला वापरायची. शब्द उचलला, रक्त पुसून टाकलं.

याहून वाईट गुहेत आहे. तिथं ही पोरं व्हॅचेल लिंडसे या गोऱ्या कवीची 'द काँगो' ही १९१४ ची कविता म्हणतात, डबडी बडवतात, नाचत बाहेर पडतात. कविता स्वतःला काळ्या वंशाचा अभ्यास म्हणवते, आणि काळा माणूस म्हणजे ढोल, भूत, रानटीपणा असलं चित्र उभं करते. डु बॉइस यांनी १९१६ मध्येच 'क्रायसिस' मासिकात या कवीचा समाचार घेतला होता. हे तेच डु बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं, की निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं अर्ज केला आहे त्याच्या प्रती आम्हालाही हव्यात. आणि त्यांचं उत्तर आलं. आपण १९७२ ला मुंबईत पँथर काढली तेव्हा नाव कुठून आणलं होतं? तर आपलं नातं त्या गुहेतल्या पोरांशी नाही. ती पोरं ज्यांचा तमाशा करून 'मोकळी' होत होती, त्यांच्याशी आहे. अभ्यासवर्गात टाळ्या कुठं वाजतात ते मी पाहिलंय. नेमक्या त्याच नाचाला.

एक प्रसंग मात्र मी सोडून देणार नाही, तो खरोखर चांगला आहे. पाठ्यपुस्तकाची प्रस्तावना. कुणी एक डॉक्टरेटवाला सांगतो की कवितेचं मोठेपण आलेखावर मोजता येतं. आडव्या रेघेवर सफाई, उभ्या रेघेवर महत्त्व, मधलं क्षेत्रफळ म्हणजे कविता. मास्तर म्हणतो, फाडा. हे बघताना मला आपले मराठीचे प्राध्यापक दिसले. दलित कवितेला फूटपट्टी लावून बसलेले. वेदना आहे पण कलामूल्य नाही, आक्रोश आहे पण सफाई नाही. हाच तो आलेख! तो फाडायलाच पाहिजे होता.

पण फाडण्याफाडण्यात फरक आहे. घरी कपाटभर पुस्तकं असलेला पोरगा पान फाडतो तेव्हा त्याचं काय जातं? आपल्या बापानं रद्दीच्या दुकानातून आणलेलं, दोघा भावांनी आळीपाळीनं वाचलेलं पुस्तक फाडायला आपला हात उचलत नाही. आणि जेव्हा उचलायचा होता तेव्हा उचलला गेला: २५ डिसेंबर १९२७, महाड. मनुस्मृती. ते पान नव्हतं, कायदा होता. जाळण्याआधी ठराव झाला, परिषद भरली, हजारो माणसं साक्षीला होती. वेल्टनची पोरं पानं फाडून केराच्या टोपलीत टाकतात, तास संपतो, पुस्तक तेच राहतं. शेवटी प्रिन्सिपॉल वर्गावर येऊन तीच प्रस्तावना वाचायला सांगतो.

आता माझा खरा मुद्दा. हा पिक्चर लिहिणारा टॉम शूलमन हा टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहराचा. तिथल्या माँटगोमेरी बेल अकॅडमी या मुलांच्या खाजगी शाळेत शिकला. तिथले त्याचे एक शिक्षक, सॅम्युएल पिकरिंग, यांच्यावरून त्याला कीटिंग सुचला. म्हणजे मास्तर नॅशव्हिलचा, नेला व्हरमाँटच्या बर्फात. बरं. मग १९५९ च्या हिवाळ्यात खुद्द नॅशव्हिलमध्ये काय चाललं होतं?

तिथल्या एका चर्चमध्ये एकतीस वर्षांचा काळा तरुण वर्ग घेत होता. जेम्स लॉसन. कोरियाच्या लढाईच्या वेळी सक्तीची सैन्यभरती नाकारली म्हणून तुरुंग भोगून आलेला. आणि त्यानंतर १९५३ ते १९५६ कुठं होता, तर आपल्या नागपुरात! हिस्लॉप कॉलेजात. माँटगोमेरीच्या काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यानं 'नागपूर टाइम्स'मध्ये वाचली. १९५६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांनी त्याच नागपुरात धम्मदीक्षा दिली त्या वर्षी, तो मायदेशी परतला. नागपुरातून जाताना त्यानं गांधी नेला, बाबासाहेब नाही. हे आपल्याला सलतं, सलू द्या. पण पुढं त्यानं जे केलं ते महाडच्या वाटेवरचं आहे.

१९५९ च्या हिवाळ्यात त्याच्या वर्गात येणारी पोरं: डायान नॅश, जॉन लुइस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लफाएट. अभ्यासक्रम काय, तर मार खाण्याची तालीम. दोघांनी गोरे गुंड व्हायचं, बाकीच्यांनी खुर्च्या मांडून हॉटेलात बसायचं. शिव्या घालायच्या, ढकलायचं, थुंकायचं. ज्याचा तोल सुटेल त्याला बाहेर काढायचं, आज तू तयार नाहीस. कोण पुढं बसेल, पहिली तुकडी पकडली गेली की दुसरी कोण, जामिनाचं काय, हे सगळं ठरवलेलं. मग १३ फेब्रुवारी १९६० ला शंभराहून जास्त विद्यार्थी जाऊन गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या जेवणाच्या काउंटरवर बसले. त्याच्या बारा दिवस आधी ग्रीन्सबरोला चार काळे विद्यार्थी असेच बसले होते. पहिल्यांदा चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारा माणूस आणि त्या स्टुलावर बसून कॉफी मागणारा पोरगा, यांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागत नाही.

२७ फेब्रुवारीला गोऱ्या टोळक्यांनी पोरांना बडवलं, आणि पोलिसांनी पकडलं कुणाला? मार खाणाऱ्यांना. एक तुकडी गाडीत कोंबली की दुसरी येऊन बसली. व्हँडरबिल्ट विद्यापीठानं मार्चमध्ये लॉसनला काढून टाकलं, तो तिथं धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता. इथं कीटिंगशी ताडून बघा. वेल्टनमध्ये पोरांनी आधी कागदावर सह्या केल्या, मग बाकावर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती खाली बसलीच असणार. नॅशव्हिलमध्ये लॉसनला काढल्यावर तिथल्या कित्येक प्राध्यापकांनी राजीनामे पुढं केले, आणि पोरं तर थांबलीच नाहीत. १९ एप्रिलला त्यांच्या वकिलाच्या, लूबीच्या, घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक मुकाट्यानं चालत महापौराच्या दारात. डायान नॅश या विद्यार्थिनीनं भर पायऱ्यांवर महापौराकडून वदवून घेतलं की हा भेदभाव चूक आहे. १० मे ला काउंटर उघडले.

म्हणजे शूलमनच्या गावात, त्याच हिवाळ्यात, एक असा मास्तर होता की ज्याच्या वर्गानं एका शहराचा कायदा वाकवला. तो पडद्यावर आला नाही. आला तो पोरांना टेबलावर चढवणारा. लॉसन २०२४ च्या जूनमध्ये वारला, पंचाण्णव वर्षांचा होऊन. आपल्याकडच्या किती अंकांत चार ओळी आल्या?

फरक काय ते नीट समजून घ्या. कीटिंग पोरांना पेटवतो आणि घरी पाठवतो. नील एकटा घरी जातो, बापासमोर एकटा बसतो, त्याच्यामागं कुणी नाही. संघटना नाही, तालीम नाही, दुसरी तुकडी नाही. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटलं तिथं थांबले नाहीत, पुढं 'संघटित व्हा' होतं. कीटिंगच्या फळ्यावर तो शब्दच नाही.

नीलच्या बापाबद्दलही बोललं पाहिजे. पिक्चरनं त्याला खलनायक केलंय. तो बाकीच्यांसारखा गडगंज नाही, पोटाला चिमटा घेऊन पोराला या शाळेत घातलंय, आपल्याला मिळालं नाही ते पोराला मिळावं म्हणतो. असले बाप आपल्या वस्तीत घरोघर आहेत. हमाली करून, गटारं उपसून, 'तू डॉक्टर हो' म्हणणारे. ते जुलमी आहेत का? कधी कधी असतीलही. पण त्या हट्टाच्या मागं भूक आहे, आणि पिक्चरला ती दिसत नाही.

आणि नीलचं मरण! केवढं सजवलंय ते. खिडकी, बर्फ, डोक्यावर नाटकातला काटक्यांचा मुकुट. इथं मात्र माझं डोकं फिरतं. पोराच्या मरणाची कविता करायला आपल्याकडं पोरं शिल्लक आहेत का? रोहित वेमुला गेला १७ जानेवारी २०१६ ला, हैदराबादच्या विद्यापीठात. पायल तडवी गेली २०१९ मध्ये, मुंबईत, डॉक्टर झाल्यावर. नीलच्या मरणानंतर शाळा चौकशी करते ती मास्तरची. रोहितच्या मरणानंतर चौकशी झाली ती त्याच्या आईच्या जातीची. पण हेही लक्षात ठेवा: वसतिगृहातून काढल्यावर रोहित आणि त्याचे चार साथीदार कुठल्या गुहेत लपले नव्हते. विद्यापीठाच्या चव्हाट्यावर त्यांनी 'वेलिवाडा' उभारला, म्हणजे तेलुगूत आपला महारवाडा. बाबासाहेबांची तसबीर उरी धरून उघड्यावर बसले. आपल्याला रोहितचा वेलिवाडा पुढं न्यायचाय. त्याचं मरण नाही. कुणाही पोराला, पोरीला एकटं वाटत असेल तर रात्री कितीही वाजता त्याच्या खोलीत जाऊन बसायचं, हे अभ्यासवर्गाच्या कामात पहिलं.

हिंदीवाल्यांनी २००० मध्ये याच पिक्चरवरून 'मोहब्बतें' काढला. शाळेचं नाव काय ठेवलं? गुरुकुल! आणि घोषणा: परंपरा, प्रतिष्ठा, अनुशासन. कवितेच्या जागी प्रेम आणि व्हायोलिन. शंबूकाच्या आणि एकलव्याच्या देशात गुरुकुलाचा प्रश्न प्रेमानं सुटला म्हणे. असो. त्याच्यावर शाई घालवत नाही.

तेव्हा पिक्चर लावायचा तर लावा. पण गुहेतल्या नाचाला थांबवा आणि 'काँगो' काय आहे ते पोरांना सांगा. पहिल्या सभेला थांबवा आणि विचारा, यात कोण नाही. आणि संपल्यावर दिवे लागले की दुसरं एक वाटा. नॅशव्हिलच्या पोरांनी काउंटरवर बसणाऱ्यांसाठी वागण्याचे नियम लिहून, आपल्यासारखेच सायक्लोस्टाइल करून, हातोहात दिले होते. उलट मारू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, असं साधं. लुइस आणि लफाएट या दोघांनी लिहिलेलं, दोघेही तेव्हा विशीच्या आसपासचे. एका पानात मावतं. त्याचं मराठी मी करून ठेवलंय. स्टेन्सिल कापायला रविवारी या, कागद मात्र तुम्ही आणा.